सुई कुणाची, सही कुणाची?

परवा रात्री साडेअकराला मैत्रिणीचा फोन. ही माझी शाळेपासूनची मैत्रीण, हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे, आणि तिचा साडेअकराला फोन म्हणजे एकतर ब्रेकअप नाहीतर अप्रेझल. यावेळी दोन्ही नव्हतं.

"अगं, दंड जाम सुजलाय. दुपारी ऑफिसमध्ये इंजेक्शन घेतलं ना, तिथेच."

ऑफिसमध्ये? इंजेक्शन?

तर झालं असं, की त्यांच्याकडे 'वेलनेस वीक' चालू होता. सोमवारी योगा, मंगळवारी डोळे तपासणी, बुधवारी झुंबा. गुरुवारी कॅफेटेरियात, इडली-वड्याच्या काउंटरला लागून, टेबलावर पांढरी चादर टाकून एक स्टॉल. 'एनर्जी शॉट', चकटफू! टीम लीडने स्वतः पहिला घेतला, फोटो काढला, ग्रुपवर टाकला. मग काय, रांगच लागली. हिनेही एका फॉर्मवर सही ठोकली आणि बाही वर केली.

"फॉर्म वाचलास?"

"मागे वीस जण उभे होते गं!"

"बरं, होतं काय त्यात?"

"बी-ट्वेल्व्ह म्हणाले. आणि अजून काहीतरी."

बर्फ लाव, सकाळी डॉक्टरकडे जा, असं सांगून मी फोन ठेवला खरा, पण ते 'आणि अजून काहीतरी' काही डोक्यातून जाईना. कारण याच तीन शब्दांपायी ऑस्ट्रेलियातल्या एका बड्या क्लबची वाट लागलेली मला माहीत होती.

माझा मावसभाऊ २०१२ साली नोकरीसाठी मेलबर्नला गेला. गेल्या गेल्या त्याने आम्हा सगळ्या भावंडांना धक्का दिला होता, की इथे क्रिकेट फक्त उन्हाळ्यात, एरवी लोकांचा देव म्हणजे फूटी. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. अंडाकृती बॉल, एकेका बाजूला अठरा जण, आणि खेळायचं क्रिकेटच्याच मैदानावर. दादाच्या ऑफिसातले निम्मे लोक एसेंडनवाले. लाल-काळा मफलर, लाल-काळा मग, डेस्कवर कॅप्टन जोब वॉटसनचा फोटो. क्लब एकोणिसाव्या शतकातला, सोळा वेळा चॅम्पियन. थोडक्यात, आपल्याकडे मुंबईच्या रणजी टीमबद्दल जुनी माणसं ज्या सुरात बोलतात, तो सूर.

५ फेब्रुवारी २०१३ ला हा क्लब स्वतःहून जगासमोर आला आणि म्हणाला, गेल्या सीझनला आमच्याकडे खेळाडूंना जी सप्लिमेंट्स दिली गेली त्यात गडबड असू शकते, कृपया चौकशी करा. दादा सांगतो, दुसऱ्या दिवशी ऑफिसात सुतकच होतं.

गडबड काय होती? २०१२ च्या सीझनआधी क्लबने खेळाडूंना 'तगडं' करायचा चंग बांधला. कोच होता जेम्स हर्ड, क्लबचा लाडका माजी स्टार. स्टीफन डँक नावाचा एक स्पोर्ट्स सायंटिस्ट आणला गेला. त्याने सप्लिमेंटचा प्रोग्रॅम आखला. गोळ्या, पावडर इथवर ठीक. पण इथे मामला सुयांचा होता. काही इंजेक्शनं क्लबमध्ये, तर काही क्लबबाहेरच्या क्लिनिकमध्ये. खेळाडूंनी विचारलंच नाही असंही नाही. हे सगळं नियमात बसतं ना, असं त्यांनी विचारलं. बसतं, असं उत्तर मिळालं. आणि मग त्यांच्यापुढे संमतीपत्रं आली.

या संमतीपत्रांवर मी फार वेळ घालवलाय. (फ्रीलान्सरकडे वेळच वेळ असतो, चेक येईपर्यंत.) त्यांत चार नावं होती. एक एओडी-९६०४, मुळात लठ्ठपणा कमी करायला बनवलेलं आणि कुठेच औषध म्हणून मान्यता न मिळालेलं. एक कोलोस्ट्रम, म्हणजे आपला चीक, ज्याचा आपण खरवस करतो तोच. एक ट्रिब्युलस, म्हणजे आपलं गोखरू. आणि चौथं, थायमोसिन.

थायमोसिन, बस्स. पण थायमोसिन एक नसतं. एक प्रकार घेतला तर चालतो. दुसरा, थायमोसिन बीटा-४, खेळात साफ बंदी असलेला. पुढे डँकचं म्हणणं होतं, मी चालणारा दिला. लवादाला पटलं, की बीटा-४ च दिला. चौतीस माणसांची करिअर त्या फॉर्मवर न लिहिलेल्या एका शब्दावर टांगली गेली, आणि सही करताना एकानेही विचारलं नाही, कुठलं थायमोसिन? कसं विचारणार? आपल्याला एखादा फॉर्म दिला आणि त्यावर चार लॅटिन नावं असली, तर आपण विचारतो का?

मास कॉमला आम्हाला एक सर होते. ते म्हणायचे, घटना सापडत नसेल तर रजिस्टर शोधा. रजिस्टर खोटं बोलेल, पण मग निदान खोटं सापडेल. एसेंडनमध्ये नेमकी तीच पंचाईत. रजिस्टरच धड नाही. कुणाला, कधी, कुठल्या बाटलीतून, किती मिली, याचा पूर्ण हिशेब कुणाकडेच नव्हता. क्लबने झिगी स्वित्कोव्स्की यांना अंतर्गत तपासणीला बसवलं. हे एकेकाळचे टेलस्ट्रा या टेलिकॉम कंपनीचे सीईओ, खेळातले नव्हेत, ऑफिसातले गृहस्थ. मे २०१३ मधल्या त्यांच्या अहवालात जी चिन्हं मांडलीत ना, ती वाचताना मला सारखं वाटत होतं, की हे कुठल्याही कंपनीला लागू पडेल. चित्रविचित्र नवी सप्लिमेंट्स, इंजेक्शनांची अचानक वाढलेली संख्या, उपचार बाहेरच्या क्लिनिकमध्ये हलवणं, कधी नाव न ऐकलेले पुरवठादार, आणि नेहमीच्या डॉक्टरांना हळूहळू बाजूला सारणं. औषधांचे प्रयोग चालले होते, आणि त्यांवर ना लगाम, ना कुणाचा सवाल, ना धड नोंद, असा त्यांचा निष्कर्ष.

डॉक्टरचं तर काय सांगावं! ब्रूस रीड, क्लबचे कितीतरी वर्षांचे डॉक्टर. जानेवारी २०१२ मध्ये, म्हणजे सीझन सुरू व्हायच्याही आधी, त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहून कळवलं होतं, की हे जे चाललंय त्याची मला काळजी वाटते आणि मला डावलून चाललंय. पत्र लिहिलं, आणि प्रोग्रॅम चालूच राहिला. तुमच्यापैकी किती जणांनी बॉसला 'जस्ट टू फ्लॅग' असा मेल टाकलाय आणि पुढे त्याचं काय झालं, हे मी विचारत नाही.

पुढचा गोंधळ मी पटापट सांगते, कारण तो नुसता तारखांचा आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये लीगने क्लबला २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, फायनल्समधून बाहेर काढलं, हर्डला वर्षभर घरी बसवलं. मार्च २०१५ मध्ये लीगच्या ट्रायब्युनलने पुराव्याअभावी खेळाडूंना सोडलं. उत्तेजकविरोधी जागतिक संस्था, वाडा, अपिलात गेली. त्याच जूनमध्ये डँकवर आजन्म बंदी. आणि १२ जानेवारी २०१६ ला खेळाच्या आंतरराष्ट्रीय लवादाने चौतीस आजी-माजी खेळाडूंना दोषी ठरवलं. शिक्षा दोन वर्षांची; आधीचा काळ वजा जाऊन २०१६ चा पूर्ण सीझन गेला. एकाचीही नेहमीची चाचणी पॉझिटिव्ह आलेली नव्हती, हे लक्षात घ्या. सगळं परिस्थितीजन्य पुराव्यावर.

आता उत्तेजकांच्या कायद्याची एक गंमत असते. त्याचं गणित एका ओळीचं आहे. तुझ्या शरीरात जे गेलं, त्याला तू जबाबदार. कुणी दिलं, का दिलं, फसवून दिलं, हे सगळं फार तर शिक्षा कमी करायला. वाडाची बाजू घ्यायची तर यात तथ्य आहे. नाहीतर प्रत्येक जण 'मला माहीत नव्हतं' म्हणून सुटेल. पण या गणितात एक माणूस कधी येतच नाही. पगार देणारा!

त्याला पकडलं ते भलत्याच कायद्याने, आणि म्हणूनच मला ही केस आवडते. मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियात कामाच्या ठिकाणची सुरक्षा बघणारं एक खातं आहे, वर्कसेफ. एरवी त्यांचा पसारा म्हणजे क्रेन, परांची, मशीनमध्ये अडकलेली बोटं. त्यांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये एसेंडनवर खटला भरला. दोन आरोप. कर्मचाऱ्यांना सुरक्षित आणि आरोग्याला धोका नसलेलं कामाचं ठिकाण दिलं नाही. कामाची सुरक्षित पद्धत ठेवली नाही. कर्मचारी म्हणजे कोण? तेच, मफलरवाल्यांचे देव. पगारी नोकर ना शेवटी.

इथे बंदी असलेलं औषध होतं की नव्हतं, हे सिद्ध करायची गरजच नव्हती. कुणी आजारी पडलं हेही दाखवायचं नव्हतं. मालक म्हणून तुम्ही माणसांना सुया टोचल्यात. त्यात काय होतं हे तुम्हाला सांगता येत नाही. धोका होता आणि तो आवरायची तुमची व्यवस्था नव्हती. एवढं पुरे. क्लबने गुन्हा कबूल केला आणि जानेवारी २०१६ च्या अखेरीस मेलबर्नच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाने २ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. कुठलं थायमोसिन, या प्रश्नावर तीन वर्षं जगभरचे वकील झगडत होते. वर्कसेफने तो प्रश्नच उलटा करून टाकला. तुम्हाला माहीत नाही? हाच तर गुन्हा.

आणि तरीही हिशेब बघा. क्लबचा दंड म्हणजे पैसे, आणि क्लब आजही आहे. खेळाडूंचं काय गेलं? जोब वॉटसन २०१२ चा ब्राउनलो मेडल विजेता, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू. २०१६ मध्ये तो न्यूयॉर्कला जाऊन एका कॅफेत कॉफी बनवत होता, आणि त्याच नोव्हेंबरात त्याने मेडल परत केलं. स्टुअर्ट क्रॅमेरी तर मधल्या काळात एसेंडन सोडून वेस्टर्न बुलडॉग्जकडे गेला होता. बंदी मात्र त्याच्यामागून नव्या क्लबात आली. २०१६ ला बुलडॉग्जने ६२ वर्षांनी चॅम्पियनशिप जिंकली, आणि हा पठ्ठ्या मैदानाबाहेर. आधीच्या कंपनीतली सही नव्या कंपनीत येऊन बोकांडी बसली. एका माजी खेळाडूला तर मला नेमकं काय टोचलं ते सांगा, एवढ्यासाठी स्वतःच्या जुन्या क्लबविरुद्ध कोर्टात जावं लागलं.

इथपर्यंत मी पूर्णपणे पोरांच्या बाजूने होते. कॉलमही डोक्यात तयार होता, बिच्चारी मुलं, दुष्ट व्यवस्था, संपलं. मग लवादाच्या निकालातला एक मुद्दा वाचला आणि माझी गाडी अडली.

उत्तेजक चाचणी होते तेव्हा खेळाडूला एक फॉर्म भरावा लागतो. गेल्या काही दिवसांत घेतलेली औषधं, सप्लिमेंट्स, सगळं लिहा. २०१२ च्या सीझनमध्ये यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या चाचण्या झाल्या. थायमोसिनच्या इंजेक्शनांचा उल्लेख एकानेही केला नाही. एकानेही! व्हिटॅमिनची साधी गोळी लिहायची असते तिथे सुया राहून गेल्या? क्लबच्या डॉक्टरला जाऊन विचारायचंही राहून गेलं? लवादाने हे खेळाडूंच्या विरोधात धरलं, आणि मला कितीही वाईट वाटलं तरी ते चूक आहे असं म्हणवत नाही. कुठेतरी त्यांना कळत होतं, की याबद्दल बोलायचं नाही. आपल्यालाही कळतं. ऑफिसात काही गोष्टी असतात ज्यांबद्दल कुणी 'बोलू नका' म्हणत नाही आणि तरी कुणी बोलत नाही.

पण मग वाटतं, बाविसाव्या वर्षी, सीझनच्या तोंडावर, क्लबचा देवमाणूस कोच म्हणून समोर उभा असताना 'मी नाही घेणार' असं किती जण म्हणतील? एकाने म्हटलं होतं. डेव्हिड झहाराकिस. तत्त्व वगैरे काही नाही हो, त्याला सुईची भीती वाटते! तो सुटला. चौतिसांत त्याचं नाव नाही. लाल-काळ्या टीममध्ये शहाणपण आलं ते भीतीच्या दारातून.

दादाला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "तुमच्याकडे काय वेगळं होतं गं?" पाच मिनिटं मला राग आला ('तुमच्याकडे' काय, रे?), पण खरं होतं.

२०१० ची दिल्लीची कॉमनवेल्थ आठवते? मुलींच्या चार बाय चारशे रिलेचं गोल्ड? आमच्या घरी आजीसुद्धा टीव्हीसमोर उभी राहिली होती. पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, त्यातल्या तिघींसह सहा धावपटूंच्या चाचण्यांत स्टेरॉइड सापडलं. मुली म्हणाल्या, आम्हाला कोचने जिनसेंग दिलं, चीनमधून आणलेलं. युक्रेनचा कोच युरी ओगोरोदनिक, त्याची हकालपट्टी झाली. आपल्याकडच्या पॅनेलने डिसेंबर २०११ मध्ये मुलींचं म्हणणं बऱ्यापैकी मानून एकेक वर्षाची बंदी घातली. २०१२ मध्ये त्याच आंतरराष्ट्रीय लवादाने ती दोन वर्षांची केली. तुम्ही तपासून घ्यायला हवं होतं, हा मुद्दा. लंडन ऑलिंपिक गेलं. तो कोच पुढे भारतात परतही आला.

आता इथे वर्कसेफसारखं कुणी आलं असतं तर त्याने नोटीस कुणाला दिली असती? आपल्या ॲथलीटची नोकरी असते रेल्वेत, पोलिसात किंवा एखाद्या सरकारी कंपनीत. कॅम्प स्पोर्ट्स ऑथॉरिटीचा. निवड फेडरेशनच्या हातात. परदेशी कोचचा पगार सरकारी तिजोरीतून. ती राहते कॅम्पच्या हॉस्टेलवर, खाते कॅम्पच्या मेसमध्ये, दिवसभर करते ते कामच. पण त्या कामाच्या ठिकाणाचा मालक कोण, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. एसेंडनला निदान दारावर पाटी होती.

आपल्या मुंबईच्या पृथ्वी शॉचं २०१९ चं प्रकरण त्यामानाने किरकोळ. सर्दी-खोकल्याच्या सिरपमधलं टर्ब्युटालिन, आठ महिन्यांची बंदी, तीही मागच्या तारखेपासून. मुद्दाम घेतलं नाही हे बोर्डानेही मान्य केलं. पण तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता आणि देशातल्या सगळ्यात श्रीमंत क्रीडा संघटनेच्या स्पर्धेत खेळत होता. एका पोराच्या खोकल्याला कुठलं सिरप चालतं हे बघणारं कुणी नसावं? त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बोर्डाने राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, नाडाच्या, कक्षेत यायला मान्यता दिली, इतकी वर्षं नको नको म्हणत.

हे सगळं लिहिता लिहिता मी उठून स्वयंपाकघरातला माझा प्रोटीनचा डबा बघितला. जिमच्या ट्रेनरने दिलेला, 'मॅडम, एकदम जेन्युइन आहे' या गॅरंटीवर. मागे बारीक अक्षरात लिहिलंय, औषधी वापरासाठी नाही. बरोबरच आहे, कायद्याच्या दृष्टीने हे खाद्यपदार्थच. बॅच नंबर आहे, पण त्यावर नेमकी किमतीची चिठ्ठी चिकटवलीय. नखाने खरवडली तर निम्मा नंबर चिठ्ठीबरोबर निघून आला.

मैत्रिणीचा दंड आता ठीक आहे. डॉक्टरने पहिला प्रश्न तोच विचारला, काय दिलं होतं? तिला सांगता आलं नाही. मग मी तिच्या मागे लागून एचआरला मेल करायला लावला. एवढंच विचार म्हटलं, इंजेक्शनचं नाव, बॅच नंबर, टोचणारी व्यक्ती नर्स होती का, आणि मी सही केलेल्या फॉर्मची कॉपी. ती का-कू करत होती. "उगाच नजरेत येईन गं. पुढच्या महिन्यात अप्रेझल आहे." शेवटी शुक्रवारी रात्री पाठवला.

सोमवारी उत्तर आलं. स्टॉल बाहेरच्या व्हेंडरचा होता, फॉर्म व्हेंडरकडे आहेत, व्हेंडरशी संपर्क साधला जाईल. बुधवारी दुसरा मेल, हा ऑटोमॅटिक. तिचं तिकीट 'रिझॉल्व्ह्ड' झालंय, आणि सर्व्हिसला पाचपैकी किती स्टार द्याल?

तिने अजून दिलेले नाहीत. गुरुवारी तिकीट पुन्हा ओपन केलं, आणि यावेळी टीम लीडला सीसीमध्ये ठेवलंय.